आधी साधी इडली, मग फ्यूजन

सुरतेच्या डिंडोलीतल्या मराठी घराला इडली-डोसा नवा नाही. लिंबायत, उधना, डिंडोली या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेल्या कुटुंबांच्या भिंतीला भिंत लावून तेलंगणातून यंत्रमागावर आलेल्या पद्मशाली विणकरांची घरं आहेत. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालतात आणि त्यांत मराठी आहे तशी तेलुगूही आहे. अशा वस्तीत सकाळच्या गाडीवरची इडली आणि तिच्यासोबतची शेंगदाण्याची चटणी परमुलखातली राहत नाही, शेजारघरची होते. तरी वाढदिवस, पहिला पगार, मुलांचा निकाल असं काही निमित्त काढून हेच कुटुंब वेसू, पिपलोद किंवा डुमस रोडकडच्या एखाद्या उंची ‘साउथ इंडियन फ्यूजन’ रेस्टॉरंटमध्ये जातं, तेव्हा पहिली दहा मिनिटं मेनूकार्डातच जातात. रस्सम शॉट, पोडी बटर इडली, मलबार पराठ्याचे टाको, बिसी बेळे भाताचे तळलेले गोळे, फिल्टर कॉफीचं तिरामिसू. नावं अर्धी ओळखीची, अर्धी अनोळखी, आणि समोरचे आकडे गाडीवरच्या प्लेटीच्या कितीतरी पट. मग एक तर सगळ्यांत सुरक्षित म्हणून चीज मसाला डोसा मागवला जातो, नाहीतर वेटर सुचवेल ते. पैसे दोन्हीकडे जातात, आणि ते कशाचे गेले हे मात्र कळत नाही. हे टाळता येतं. अशा ठिकाणी किंमत मोजायची ती पदार्थाच्या पायाची. वर जे जोडलेलं असतं त्याची किंमत पाया पक्का असेल तरच वसूल होते. म्हणून आधी साधा पदार्थ मागवावा, तो पारखावा, आणि मगच प्रयोगांकडे वळावं. ही पारख डिंडोलीच्या माणसाला जमण्यासारखी आहे, कारण तिचं माप त्याच्या गल्लीत रोज उपलब्ध असतं.

दाक्षिणात्य न्याहारीचा पाया म्हणजे आंबवलेलं पीठ. इडलीसाठी साधारण तीन ते चार भाग तांदूळ आणि एक भाग उडीद घेतात, दोन्ही वेगवेगळे भिजवतात, वेगवेगळे वाटतात, मग एकत्र करून रात्रभर ठेवतात. उडदाची डाळ यात चवीपेक्षा कामासाठी असते. वाटल्यावर ती चिकट आणि फुगरी होते, आणि पीठ आंबताना जो कर्बवायू तयार होतो तो स्वतःत अडकवून ठेवते. हा वायू आणि तो हवाहवासा आंबटपणा तयार करणारे जिवाणू डाळ-तांदळाबरोबरच येतात. ल्युकोनोस्टॉक मेसेंटरॉइडिस हा त्यांतला मुख्य. बाहेरून विरजण लागत नाही, लागते ती ऊब आणि वेळ. सुरतेच्या दमट उन्हाळ्यात पीठ भराभर चढतं आणि थोडं दुर्लक्ष झालं की उतू जाऊन आंबटढाण होतं. डिसेंबर-जानेवारीत तेच पीठ सकाळपर्यंत हलत नाही. त्यामुळे रोज हवा बघून, गिऱ्हाइकांचा अंदाज घेऊन पीठ लावणं हे स्वयंपाकघराच्या शिस्तीचं काम आहे. जिथे ही शिस्त नसते तिथे खायचा सोडा किंवा फ्रूट सॉल्ट मदतीला येतं. हे ओळखायला तज्ज्ञ व्हावं लागत नाही. इडली चमच्याने कापू नका, बोटांनी मधोमध फोडा. आतली जाळी बारीक आणि सर्वत्र सारखी असेल, वास किंचित आंबूस असेल, आणि सांबारात बुडवल्यावर ती रस पिऊनही आपला आकार सोडत नसेल, तर पीठ नीट आंबलेलं आहे. छिद्रं मोठी-वेडीवाकडी, रंगाला पिवळसर झाक आणि गिळल्यानंतर जिभेवर साबणासारखी चव राहिली, तर सोड्याचा हात सैल सुटला आहे. खान्देशी माणसाला उडीद शिकवायला नको. कळण्याची भाकरी ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाचीच होते आणि ते पीठ हाताला कसं लागतं हे घरोघरी माहीत असतं. सुरतेचं पांढरं इदडं तर इडलीचंच भावंड: तेच तांदूळ-उडीद, तेच आंबवणं, तीच वाफ, वर भरडलेली मिरी, आणि उन्हाळ्यात सोबतीला आमरस. म्हणजे माप दोन्ही बाजूंनी आपल्याकडे आहे.

सांबार आणि चटणी यांची परीक्षा वेगळी. सांबारात तूरडाळ, चिंच आणि मसाला एकमेकांत मुरलेले असायला हवेत. वाटी दोन मिनिटं तशीच ठेवली की डाळ थोडी खाली बसणारच, पण वरचं पाणी चाखल्यावर नुसतं आंबट-तिखट पाणी लागलं तर डाळ आणि मसाला शेवटी एकत्र ओतलेले आहेत असं समजावं. गोडीबद्दल थोडं सबुरीनं घ्यावं. उडुपी पद्धतीच्या सांबारात गूळ असतोच, त्यामुळे गोड सांबार म्हणजे बिघडलेलं सांबार हा समज चुकीचा आहे. मात्र गुजरातेत गिऱ्हाइकाच्या जिभेला रुचेल म्हणून गोडी वाढत जाते, आणि ती चिंचेला झाकू लागली की सांबाराचं सांबारपण जातं. अशा वेळी ‘गोड कमी असलेलं मिळेल का’ असं आधीच विचारावं. ज्या स्वयंपाकघरात सांबार एकाच मोठ्या पातेल्यात होतं तिथे नाही म्हणतील, पण निदान उत्तर मिळेल. चटणीचं सांगायचं तर ओलं खोबरं उष्ण हवेत काही तासांत उतरतं. चटणीच्या कडेला पाणी सुटलेलं असेल आणि वासाला तेलकट आंबूसपणा असेल तर ती सकाळची आहे. फार घट्ट आणि पिठूळ लागली तर खोबऱ्यापेक्षा डाळवंच जास्त पडलंय. शेंगदाण्याची चटणी दिली म्हणून नाक मुरडू नये. आंध्र-तेलंगणात ती घरचीच आहे आणि डिंडोलीच्या गल्लीत तिचा उत्तम नमुना मिळतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: एवढे पैसे देऊन, एवढ्या लांब जाऊन साधी इडली कशाला खायची? ती तर घराखाली मिळते. पण सगळं जेवण इडलीचं करा असं मी म्हणत नाही. चौघांत इडलीची एक प्लेट आणि एक साधा डोसा सगळ्यांत आधी मागवावा, एवढंच. तेवढ्यात सांबार, चटणी, पीठ, तवा आणि तूप या पाचही गोष्टींची झडती होते. मेनूवरचे बहुतेक प्रयोग याच पाचांवर उभे असतात: टाकोत जाणारी चटणी तीच, पोडी बटर इडलीतली इडली तीच, डोशाच्या शंकूचं पीठ तेच. साध्यात कमी पडलेलं स्वयंपाकघर वरून चीज, मेयोनीज आणि पेरी-पेरी मसाला घातल्याने चांगलं होत नाही. त्याची उणीव फक्त झाकली जाते. उलट साधी इडली उत्तम निघाली, तर पुढचे दोन-तीन अनोळखी पदार्थ बिनधास्त मागवता येतात. पहिल्या प्लेटीचा खर्च त्यामुळे वाया न जाता पुढच्या खर्चाचा विमा ठरतो. जगात ज्या ठिकाणांचं नाव झालं त्यांचा अनुभवही याच बाजूचा आहे. न्यूयॉर्कमधलं ‘सेम्मा’ २०२१ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी त्याला मिशलिनचा तारा मिळाला. तिथला सगळ्यांत गाजलेला पदार्थ म्हणजे गनपावडर डोसा, ज्यात तूप, पोडी (भाजलेल्या डाळींची भरड) आणि बटाट्याची भाजी यांपलीकडे चमत्कार नाही. न्यूयॉर्कचं गिऱ्हाईक तिथे रांग लावतं ते नीट आंबलेल्या पिठासाठी आणि नीट भाजलेल्या डाळींसाठी.

पाया पारखून झाला की प्रयोगांना एकच प्रश्न विचारायचा: मूळ पदार्थातलं काय काढलं, आणि त्याच्या जागी आलेली वस्तू तेच काम करते का? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार उपयोगी आहे, कारण त्यामुळे नावाच्या झगमगाटातून पदार्थ दिसू लागतो. पोडी बटर इडली घ्या. मुळगापोडी म्हणजे भाजलेल्या डाळी आणि सुक्या मिरच्यांची भरड. ती परंपरेने तिळाच्या तेलात कालवतात, कारण कोरडी पोडी घशात अडकते आणि मिरचीचा स्वाद तेलातच खुलतो. तेलाच्या जागी लोणी आलं तर स्निग्धतेचं काम होतं, तिळाचा वास मात्र जातो. म्हणून चांगला आचारी त्या लोण्यात भाजलेले तीळ घालतो किंवा पोडीतच तिळाचं प्रमाण वाढवतो. असं केलेलं दिसलं तर तिथे विचार झालाय. बिसी बेळे भात मुळातच मऊ, घट्ट आणि मसालेदार असतो, आणि कर्नाटकात त्याच्यासोबत बुंदी किंवा वेफर्स देतात, कारण त्या मऊपणाला कुरकुरीत जोड हवी असते. त्याचे गोळे करून ब्रेडच्या चुऱ्यात तळले तर बुंदीचं काम बाहेरचं कवच करतं, म्हणजे हा प्रयोग पदार्थाच्या स्वभावाला धरून आहे. फिल्टर कॉफीच्या तिरामिसूचंही तसंच. मूळ इटालियन गोडात कडू, कडक कॉफी हवी असते, ती मलईच्या जडपणाला तोडते. चिकोरी मिसळलेला दाट डिकॉक्शन हे काम छान करतो. मात्र तो डिकॉक्शन फिल्टरमधून उतरलेला हवा. झटपट पावडर विरघळवून केलेल्या तिरामिसूला फिल्टर कॉफीचं नाव देणं ही फसवणूक आहे, आणि ‘डिकॉक्शन इथेच काढता का’ असं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चेन्नईच्या आयटीसी ग्रँड चोला हॉटेलातलं ‘अवर्तना’ २०१७ पासून रस्सम कॉफीच्या काचेच्या फिल्टरमधून, ताज्या मसाल्यांवरून गाळून टेबलावर ओततं. ऐकायला हा देखावा वाटेल. पण रस्समचा जीव त्याच्या वासात असतो, आणि तो वास स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत येताना उडून जातो; इथे तो तुमच्या नाकासमोर सुटतो. तंत्र परकं असलं तरी हेतू रस्समचाच आहे.

आता उलट बाजू. डोशाचं वैशिष्ट्य कशात आहे? कुरकुरीत कडा, मऊ पोट, आंबूस चव आणि थोडी स्निग्धता. त्यावर किसलेल्या चीजचा थर आला की स्निग्धता आणि मीठ वाढतं, पण चीजखालची वाफ कोंडून डोसा मिनिटभरात वातड होतो आणि पिठाचा आंबूसपणा जिभेला जाणवत नाही. मग चटणीही फिकी वाटायला लागते. काढलं बरंच, दिलं एकच. तेच चीज अप्प्यांच्या पोटात घातलं तर बाहेरचं जाड कवच टिकून राहतं, म्हणून तिथे ते खपून जातं. मलबार पराठ्याचे टाको करताना पराठा आधीच तेल पिऊन तयार झालेला असतो, तेव्हा आतलं सारण आंबट, तिखट, कच्च्या कांद्याचं हवं. त्यात मेयोनीज भरलं की तेलावर तेल होतं आणि दुसऱ्या घासानंतर कंटाळा येतो. आप्पमचा पिझ्झा हा प्रकार तर टाळावाच असं माझं मत आहे. आप्पमचं सगळं सौंदर्य जाळीदार कडेत आणि स्पंजासारख्या मध्यात असतं, टोमॅटोचा सॉस नेमका तो मध्यच भिजवतो. ही सगळी परीक्षा मेनू वाचतानाच करता येते. पदार्थाखालच्या दोन ओळी वाचा, आणि त्यात आंबट काय, कुरकुरीत काय, स्निग्ध काय हे शोधा. तिन्हींपैकी एखादं गायब असेल किंवा स्निग्ध दोन-तीनदा आलं असेल, तर पुढच्या पदार्थाकडे वळा.

दुसरा आक्षेप सोवळ्यातला असतो: फ्यूजन म्हणजे भेसळ, परंपरेशी खेळ, ते खायचंच कशाला? हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरच्या, ११३० च्या सुमाराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात इडलीच्या पूर्वजाची कृती आहे, आणि तिच्यात तांदूळ नाही, नुसते उडीद आहेत. म्हणजे आज आपण जिला अस्सल म्हणतो ती इडली पुढे बदलत गेलेली आहे. मसाला डोशातला बटाटा आणि चटणीतली मिरची या दोन्ही वस्तू अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आलेल्या; त्यांच्याशिवाय आजचं दाक्षिणात्य ताट कुणाला ओळखूसुद्धा येणार नाही. रवा इडलीचं श्रेय बंगळुरूच्या एमटीआर या उपाहारगृहाला दिलं जातं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेनासा झाला तेव्हा रव्यावर केलेला तो प्रयोग होता. मराठी माणसाने तर या बाबतीत जास्तच मोकळं असायला हवं. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी राहिली. त्या पावणेदोनशे वर्षांत मराठी, तमिळ आणि तेलुगू स्वयंपाक एकाच राजवाड्यात शिजला, आणि दुसऱ्या सरफोजींच्या काळातलं ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ हे मराठी हस्तलिखित तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं ही लोकप्रिय कथा कथा म्हणूनच ऐकावी. ती खरी ठरली नाही तरी तंजावरचं मराठी ताट खरंच आहे. मात्र या उदाहरणांतून प्रयोगाला सरसकट परवाना मिळत नाही. बटाटा, मिरची, रवा टिकले कारण त्यांनी काम केलं: बटाट्याने डोशाला पोटभरीचं केलं, मिरचीने महाग मिरीची जागा घेतली, रव्याने टंचाईत इडली चालू ठेवली. परंपरा बदलाला विरोध करत नाही, ती बदलाकडे काम मागते. आपणही तेच मागायचं.

तिसरा आक्षेप घरातूनच येतो. मुलांना चीज हवं असतं, आणि चव ज्याची त्याची असते, मग ही छाननी कशाला? आवड ज्याची त्याची, हे मान्य. एखाद्याला गोड सांबार आवडतं, एखाद्याला जहाल रस्सम. यात बरोबर-चूक नाही. पण पीठ आंबलंय की फुगवलंय, खोबरं ताजं आहे की कालचं, कॉफी गाळलेली आहे की विरघळवलेली, हे आवडीचे प्रश्न नाहीत, कारागिरीचे आहेत. त्यांची उत्तरं तपासता येतात आणि भारी किंमत घेणाऱ्याने ती द्यायलाच हवीत. मुलांबद्दल म्हणाल तर त्यांना चीज डोसा खुशाल घेऊ द्या, पण आधी साध्या डोशाचा एक तुकडा नुसत्या चटणीबरोबर द्या. मुलांची जीभ आपण समजतो त्यापेक्षा चलाख असते. फरक त्यांना सांगावा लागत नाही.

आता प्रत्यक्ष टेबलावर. सगळी ऑर्डर एकदम देऊ नये. डोसा तव्यावरून उतरल्यापासून तीन-चार मिनिटांत संपला पाहिजे. चार पदार्थ एकाच वेळी आले की तीन थंड होतात आणि दोष स्वयंपाक्याच्या माथी जातो. ‘एकेक करून आणा, एक संपलं की दुसरं’ हे वेटरला सुरुवातीलाच सांगावं, आणि प्रत्येक पदार्थ सगळ्यांनी वाटून खावा. रविवारी संध्याकाळी सुरत घराबाहेर जेवते, त्या गर्दीत कुठलंही स्वयंपाकघर आपल्या सर्वोत्तम रूपात नसतं. जमलं तर आठवड्यातल्या एखाद्या दिवशी किंवा साडेसातच्या आत जावं. मेनू इंग्रजीत असतो म्हणून बिचकू नये. हिंदीत, गुजरातीत, काही ठिकाणी मराठीतही बिनदिक्कत विचारावं की यात काय आहे, तिखट किती, प्लेटीत किती नग येतात. नगांची संख्या विचारण्यात कमीपणा काही नाही. छोट्या इडल्या आठ येतात की तीन, यावरच घरच्या चौघांचं गणित बसतं. हाताने खायलाही संकोच नको. इडली-डोसा हाताने खाण्यासाठीच घडलेला पदार्थ आहे, आणि उंची ठिकाणीही हे सगळे जाणतात. ज्यांना काही खाल्ल्यावर त्रास होतो त्यांनी आधीच सांगावं: ग्रेव्हीत काजूची पेस्ट, चटणीत शेंगदाणे, फोडणीच्या हिंगात मैदा, हे तिन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. जैन पद्धतीचं जेवण सुरतेत जवळपास सगळीकडे मिळतं आणि डोशात बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी येते. ती चांगली केलेली असेल तर जैन नसलेल्यांनीही जरूर खावी. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे अशा ठिकाणी पेयांची मोठी यादी मॉकटेलची असते, आणि साखर-सोड्याच्या त्या ग्लासांनी बिल चढतं, शिवाय रस्सम-सांबाराची आंबट-तिखट धार बोथट होते. त्याऐवजी आलं-कढीपत्त्याचं पातळ ताक मागवा, किंवा गूळ-सुंठीचं पानकम असेल तर ते.

बिलाबाबत थोडक्यात, पण नीट लक्षात ठेवण्यासारखं. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के लागतो, वातानुकूलित असो वा नसो. म्हणजे २००० रुपयांच्या जेवणावर १०० रुपये, केंद्राचे ५० आणि राज्याचे ५०. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये हाच कर १८ टक्के, म्हणजे ३६० रुपये होतो. जागा ठरवतानाच हा फरक धरावा. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तो परस्पर बिलात लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती भूमिका उचलून धरली. बिलात तो दिसला तर शांतपणे काढायला सांगावं. ऐकलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. सेवा आवडली असेल तर ती रक्कम वेटरच्या हातात द्यावी, ती त्याच्यापर्यंत पोचेल याची खात्री तरी राहते. बाटलीबंद पाण्याचं मात्र वेगळं आहे. रेस्टॉरंटमध्ये बसून घेतलेल्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिलेली आहे, तेव्हा बसल्या बसल्या ‘साधं पाणी’ असं स्पष्ट सांगावं. अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक बिलावर असणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. तो नसेल तर त्या ठिकाणी पुन्हा जाण्याआधी विचार करावा.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जड: गल्लीतली इडली इतकी चांगली असेल, तर उंची ठिकाणी जायचंच कशाला? इडली-डोशासाठी जाऊ नये, हेच याचं प्रामाणिक उत्तर. पहिली साधी प्लेट ही परीक्षा आहे, तो जाण्याचा हेतू नव्हे. जायचं ते गाडीवाल्याला परवडत नाही त्यासाठी. नारळाच्या पहिल्या, दाट दुधातला भाज्यांचा केरळी स्ट्यू आणि कडेने जाळी सुटलेलं आप्पम गाडीवर होऊ शकत नाही. त्याला वेगळी कढई, रोजचे ताजे नारळ आणि मोकळा हात लागतो. चेट्टिनाडचा मसाला, ज्यात दगडफूल आणि मराठी मोग्गू पडतं, तो रोज भाजून वाटायला माणूस लागतो. पातळ, निखळ रस्सम, केळीच्या पानात भाजलेलं काही, कारवारी-मंगलोरी घस्सीची भाजी, नीरडोसा, आणि वर सांगितलेल्या कसोटीला उतरलेले दोन प्रयोग, एवढ्यासाठी किंमत मोजणं रास्त आहे. चौघांसाठी माझी मांडणी अशी असेल: पहिल्यांदा इडली आणि साधा डोसा, ते ठीक निघाले तर एक रस्सम, एक प्रयोग, मग आप्पम-स्ट्यू, पोटात जागा असेल तर आणखी एक प्रयोग. इडली सोड्याची निघाली किंवा चटणी उतरलेली असली तर प्रयोगांच्या वाट्याला न जाता एखादा भात घ्यावा आणि उठावं. आणि कुणी विचारलं तर दोष काय होता ते व्यवस्थापकाला नीट सांगावं, कारण नेमकी तक्रार चांगल्या स्वयंपाकघराला हवीच असते. उरलेला डोसा बांधून घेऊ नका, घरी पोचेपर्यंत त्याचं कातडं होतं. दहीभात किंवा बिसी बेळे उरलं तर जरूर घ्या. आणि कॉफी जेवणाबरोबर न मागवता शेवटी, तिरामिसूच्याही नंतर, पितळी किंवा स्टीलच्या डबरा-टंबलरमध्ये मागवा. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते. तेव्हा त्यांच्या मिश्रणात ती किती आहे हे विचारायला हरकत नाही; २०-३० टक्क्यांच्या आसपासचं उत्तर मिळालं आणि वेटरला ते आत जाऊन विचारावं लागलं नाही, तर पुढच्या निमित्ताला त्याच जागी टेबल राखून ठेवा.